विषय सातवा

पायऱ्या पुरातन असल्याने उतार बांधता येत नाही.
अर्ज सर्वानुमते नामंजूर.
हे माझंच अक्षर. वळणदार आहे,
म्हणून तर महाजनांनी मला चिटणीस केलं.

पायऱ्या पुरातन नाहीत.
एकाहत्तर साली चिरे आले बोरीहून, ट्रकने,
मी सात वर्षांचा, मोजायला बसलो होतो,
बाबा वरून ओरडत होते, किती झाले रे?
बैठकीत हे मला आठवलं नाही,
असं मी म्हणतो.

सुलक्षा गावडे तळीच्या कठड्याशी बसते.
तीनचाकीचं पुढचं चाक पहिल्या पायरीला टेकलेलं,
मांडीवर अबोली, दातांत केळीच्या सोपाचा दोर.
देवीच्या गळ्यातली रोजची माळ तिची.
माळ वर जाते, निर्माल्य होऊन मागच्या दाराने उतरते,
मधलं तिने पाहिलेलं नाही.
पायऱ्या सव्वीस, हे मात्र पक्कं सांगते.
उतरणाऱ्यांची पावलं ऐकू येतात म्हणे.

एकदा एका बाईंनी, मडगावच्या असाव्यात,
तिच्या फुलांत दहाचं नाणं टाकलं आणि डोळे मिटून हात जोडले,
देवीला की स्वतःला, कळलं नाही.
"राव गे बाये," सुलक्षाने हाक मारली,
वितीने मोजून दहा रुपयांची माळ तोडली.
"हांव विकतां. मागना."
बाईंचा चेहरा असा झाला,
जसं कुणी त्यांचं पुण्य सुट्टे करून परत दिलं.

बैठकीत खजिनदार सावईकर म्हणाले, उचलून नेऊ की,
तिचं वजन ते केवढं!
भटजी म्हणाले, उचलणाऱ्याला पुण्य लागतं.
नेलीही होती एका नवरात्रात, चौघांनी.
तिसऱ्या पायरीवर पदर सुटला,
सातव्या पायरीवर कुणाचा तरी घाम तिच्या कपाळावर,
चौदाव्या पायरीवर सगळे थांबले.
फोटोसाठी.
चौघेही हसरे, आणि तिच्या मुठीत कुणाच्या तरी सदऱ्याची बाही.
"सकयल देंवयात म्हाका," ती म्हणाली.
चौदाव्यावरूनच परत.
फोटो मात्र गावभर फिरला, खाली शब्द एकच:
माणुसकी.

मग जत्रेला नवा जनरेटर आला,
साडेचारशे किलो.
दुपारी ठरलं, संध्याकाळी फळ्या आल्या, लोखंडी चौकट आली,
कुंकळ्ळीचा वेल्डर आला,
दिवेलागणीला अग्रशाळेच्या बाजूने उतार उभा.
पुरातन हा शब्द कुणी काढला नाही.
सावईकरांनी स्वतः मागून हात लावला,
सांभाळून रे, सांभाळून,
पाळण्यातल्या लेकराला सांभाळावं तसं.
जत्रा संपली, फळ्या परत गेल्या.
सात हजार दोनशे. विषय चौथा, मंजूर.
ती खालून पाहत होती.
ती पाहतेय हे मी वरून पाहिलं
आणि वहीत डोकं घातलं.

आज हे लिहितोय, त्याचं कारण फारसं उदात्त नाही.
श्रावणात माझा डावा गुडघा गेला.
नवव्या पायरीवर टेकावं लागतं.
लोक वळसा घालून जातात,
एखादा विचारतो, काका, हात देऊ?
आणि उत्तराआधीच दंड धरतो.
गुडघा शाबूत असता तर
वहीचं ते पान मी पुन्हा उघडलं असतं का?
नसतंच, बहुतेक.

काल वर गेलोच नाही.
खाली उभा राहिलो, चपला न काढता.
सुलक्षाने टोपली सरकवली.
"बसा. सावळी आसा."
बसलो. चिरा गार होता.
ती ओवत राहिली, माझ्याकडे न बघता,
दोर दातांनी तोडला, मग म्हणाली,
"म्हजो आजो व्हांवतालो हे चिरे.
तुमी मोजताले, न्ही?"